जीव वाचला, पुढे काय? न्यूरो-रिहॅबचं पदव्युत्तर शिक्षण समजून घेताना

खान्देशात कुणाला लकवा मारला की आधी धावपळ होते ती जीव वाचवण्याची. ती आता बऱ्यापैकी जमू लागली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सीटी स्कॅन होतो. रक्ताच्या गुठळीमुळे आलेला झटका असेल आणि पेशंट साडेचार तासांच्या आत पोहोचला, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. ऑपरेशनची वेळ आली तर नाशिक, मुंबई किंवा सुरत गाठली जाते. आठ-दहा दिवसांनी पेशंट घरी येतो. डिस्चार्ज कार्डावर गोळ्या, बीपी-शुगरच्या सूचना आणि सगळ्यात खाली एक ओळ असते: 'फिजिओथेरपी सुरू ठेवा.'

माणूस पुन्हा आपल्या हाताने जेवेल का, बोलेल का, बांधापर्यंत चालत जाईल का, यातलं पुष्कळसं त्या खालच्या ओळीवर अवलंबून असतं. पण ती ओळ अमलात आणणाऱ्याचं शिक्षण किती आणि कशाचं झालं आहे, हे नातेवाईक विचारत नाहीत आणि चिठ्ठी लिहिणारेही पुष्कळदा विचारत नाहीत. मेंदू, मज्जारज्जू किंवा नसांना इजा झाल्यावर माणसाला पुन्हा रोजच्या जगण्यात आणण्याच्या कामाला न्यूरो-रिहॅबिलिटेशन म्हणतात, आणि त्याचं स्वतंत्र पदव्युत्तर शिक्षण असतं. ते कुणी घ्यायचं, त्यात काय शिकवतात आणि आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांना त्याची निकड का आहे, ते पाहू.

आपल्याकडचे पेशंट

सगळ्यात मोठा गट अर्थातच लकव्याचा, म्हणजे स्ट्रोकचा. त्याखालोखाल महामार्गावर हेल्मेटशिवाय गाडी घसरून डोक्याला मार लागलेली तरुण पोरं. झाडावरून, गच्चीवरून, विहिरीत पडून कंबरेचा किंवा मानेचा मणका मोडलेले. जन्मतः सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं, पार्किन्सनचे म्हातारे. ही यादी महाराष्ट्रात कुठेही सारखीच निघेल.

पण काही गोष्टी आपल्या मातीच्या आहेत. कापसाच्या पट्ट्यात ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक पोटात गेलेला माणूस वाचून घरी येतो, आणि काहींच्या बाबतीत दोन-तीन आठवड्यांनी पाय लुळे पडू लागतात. ती विषाने नसांना केलेली, उशिरा दिसणारी इजा असते. घरच्यांना वाटतं, अशक्तपणा आहे. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, आणि सिकलसेलमध्ये मेंदूच्या रक्तवाहिन्या अरुंद होऊन शाळेत जाणाऱ्या मुलालाही स्ट्रोक येऊ शकतो. लकवा म्हातारपणीच होतो अशी समजूत असलेल्या घरात हे मूल किती उशिरा दवाखान्यात पोहोचत असेल! मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास किंवा त्याच्याही पुढे जातो. उष्माघातातून वाचलेल्या काहींचा लहान मेंदू दुखावलेला राहतो. त्यांची ताकद शाबूत असते, पण चालताना तोल जातो आणि जीभ अडखळते. ताकदीचे व्यायाम देऊन त्यांना फार उपयोग होत नाही, त्यांना लागतो तो तोलाचा आणि ताळमेळाचा सराव. मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू-मज्जारज्जूच्या आजाराच्या पेशंटची लक्षणं तर अंग तापलं की तेवढ्यापुरती वाढतात. त्यांना भर दुपारी व्यायामाला बोलावलं तर सकाळी चालणारा माणूस दुपारी पाय ओढतो.

म्हणजे 'न्यूरोचा पेशंट' असा एक पेशंट नसतोच. प्रत्येकाची इजा वेगळ्या जागी आणि त्यामुळे तोडगाही वेगळा.

चेंडू दाबून काय होतं

आतापर्यंतची बीपीटी ही फिजिओथेरपीची पदवी इंटर्नशिप धरून साडेचार वर्षांची. त्यात गुडघा, कंबर, हृदय, फुप्फुसं, लहान मुलं, खेळाडू असं सगळं बसवायचं असतं. मेंदूचे आजारही असतात, पण वाट्याला येणारा वेळ मर्यादित. विद्यार्थी व्यायामाचे प्रकार शिकून बाहेर पडतो. कुठला प्रकार कुणाला द्यायचा नाही, हे उमजायला जास्त काळ लागतो, आणि पदव्युत्तर शिक्षणाचा खरा गाभा तोच आहे.

घरोघरी दिसणारं एक उदाहरण घेऊ. लकव्याच्या पेशंटच्या हातात रबरी चेंडू दिलेला असतो. शेजारी सांगतात, कंपाउंडर सांगतो, कधी कधी दवाखान्यातही सांगतात: "दाबत राहा, ताकद येईल." पेशंट बिचारा मन लावून दाबतो.

झटका आल्यावर सुरुवातीला हात लुळा असतो. काही आठवड्यांत त्यात ताठरपणा येऊ लागतो: कोपर वाकतं, मनगट खाली पडतं, बोटं मिटून मूठ होते. सिग्ने ब्रुनस्ट्रॉम या फिजिओथेरपिस्टने सुधारणेच्या या पायऱ्या विसाव्या शतकातच मांडून ठेवल्या आहेत. या टप्प्यावर मूठ मिटायला मेंदू आपण होऊनच सांगत असतो. अडतं ते उघडायला. अशा हाताला दिवसभर चेंडू दाबायला लावणं म्हणजे जे आधीच जास्त होतंय तेच आणखी करून घेणं. त्याला सराव हवा सोडण्याचा: पेला उचलून पुन्हा ठेवायचा, टेबलावर पंजा पसरून त्यावर भार द्यायचा, हातातली काडेपेटी दुसऱ्याच्या हातात सोडायची.

एमपीटीला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर पदवीला, न्यूरो घेतलेला विद्यार्थी तो हात आधी हातात घेऊन बघतो. कोपर एकदा अगदी सावकाश सरळ करायचं, मग एकदा झटकन. सावकाश करताना सरळ झालं आणि झटकन करताना मध्येच अडलं, तर तो मेंदूकडून येणारा ताण. दोन्ही वेळी एकाच जागी अडलं, तर स्नायू किंवा सांधा आखडलेला आहे. पहिल्या प्रकारात डॉक्टरांशी बोलून औषधाचा किंवा स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनचा विचार होतो. दुसऱ्यात स्प्लिंट, ताण देऊन ठेवणं, फारच झालं तर शस्त्रक्रिया. दोन्ही प्रकार एकाच हातात असू शकतात, आणि मग कुठला किती आहे हे ठरवावं लागतं. बाहेरून बघणाऱ्याला ही दोन मिनिटांची हालचाल वाटते, पण पुढच्या सहा महिन्यांची दिशा तिथे ठरते.

कधी सुरू करायचं, किती करायचं

'लवकर उठवा, लवकर चालवा' हे पुनर्वसनाचं जुनं आणि एकंदरीत खरं सूत्र. पण लवकर म्हणजे किती? २०१५ साली 'अ‍ॅव्हर्ट' नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच देशांतले २,१०४ स्ट्रोकचे पेशंट त्यात होते. एका गटाला पहिल्या २४ तासांतच, जास्त वेळा आणि जास्त वेळ अंथरुणातून बाहेर काढलं. दुसऱ्या गटाला नेहमीच्या पद्धतीने. तीन महिन्यांनी चांगल्या अवस्थेत असलेल्यांचं प्रमाण घाई केलेल्या गटात ४६ टक्के होतं आणि नेहमीच्या गटात ५०. घाईने नुकसान झालं होतं. त्याच माहितीचा पुढे बारकाईने अभ्यास केल्यावर असंही दिसलं की थोडा थोडा वेळ पण दिवसातून अनेकदा उठवलेल्यांचं बरं चाललं. केळीला ठिबकने पाणी देणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज पडणार नाही.

ही झाली पहिल्या दिवसांची गोष्ट. पुढे मात्र उलट अडचण येते, सराव फार कमी पडतो. २००९ च्या एका निरीक्षणात असं आढळलं, की हातावर काम करणाऱ्या थेरपीच्या एका बैठकीत पेशंटकडून कामाच्या हालचालीच्या सरासरी ३२ आवृत्त्या होत होत्या. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांतून 'सरावाने मेंदू बदलतो' हे आपण शिकलो, त्यांत आवृत्त्या शेकड्यांनी मोजल्या होत्या. आपल्याकडे तर अर्ध्या तासाच्या भेटीत वीस मिनिटं मशीन लावण्यात जातात. मशीनचा राग नाही, काही मशीन कामाची असतात. पण पेशंट नुसता पडून आहे आणि मशीन चालू आहे, यातून मेंदू फारसं शिकत नाही. मेंदू शिकतो तो माणूस स्वतः धडपडतो तेव्हा.

एडवर्ड टॉब या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या कामातून आलेली एक पद्धत आहे. पेशंटचा चांगला हात जाड मोज्यात बंद करून ठेवायचा आणि लुळ्या हाताला दोन आठवडे, रोज कित्येक तास काम करायला लावायचं. २००६ साली २२२ पेशंटवरच्या अभ्यासात तिचा फायदा दिसला. मात्र ती सगळ्यांना चालत नाही. मनगट आणि बोटं निदान थोडी तरी आपली आपण उघडायला हवीत, तोल बरा हवा, समजून घेण्याची ताकद हवी. मोबाइलवर व्हिडिओ बघून कुणी बापाचा चांगला हात बांधून ठेवला आणि लुळ्या हातात काहीच हालचाल नसेल, तर त्या माणसाला ना पाणी पिता येईल ना तोल सावरता येईल. पद्धत माहीत असणं सोपं आहे. ती कुणाला लागू पडते हे ओळखण्यासाठी दोन वर्षं शिकावं लागतं.

एकट्याचं काम नाही

जेवणाचं ताट बघा. मेंदूच्या उजव्या भागात झटका आलेले आबा जेवायला बसलेत. उजवीकडची भाजी संपते, आबा पुन्हा भाजी मागतात. डावीकडचा ठेचा, कांदा आणि अर्धी भाकरी तशीच पडून आहे. सून म्हणते, "जेवण जात नाही." मुलगा म्हणतो, "हट्टीपणा करतात." ताट अर्धं फिरवून ठेवलं की आबा तीच भाकरी खातात. डोळे चांगले असतात, पण मेंदूला डावी बाजू आहे हेच जाणवत नाही. हेच आबा डाव्या चौकटीला धडकतात आणि सदऱ्याची डावी बाही घालायची विसरतात. त्यांचे पाय कितीही मजबूत केले, तरी डावीकडे लक्ष न्यायला शिकवल्याशिवाय ते सुरक्षित चालणार नाहीत. हे काम ऑक्युपेशनल थेरपिस्टचं, म्हणजे जेवण, कपडे अशी रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्याचं. आपल्या भागात पुष्कळांनी हा शब्दही ऐकलेला नसतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. उन्हाळा असतो, घसा कोरडा पडतो, आणि मायेपोटी कुणीतरी आडव्या पेशंटच्या तोंडाला पेला लावतं. झटक्यानंतर गिळण्याचा ताळमेळ बिघडलेला असेल तर पाणी श्वासनळीत जातं. ठसका आला तर निदान कळतं. काहींना ठसकाही येत नाही, फक्त पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घरघरल्यासारखा होतो आणि चार दिवसांनी ताप येऊन न्यूमोनिया निघतो. पातळ पाणी सगळ्यात अवघड, कारण ते सगळ्यात वेगाने घसरतं. दुधात कुस्करलेली कळण्याची भाकरीही काहींना जड जाते, कारण त्यात पातळ आणि घट्ट एकत्र येतं. घट्ट खिचडी जाऊ शकते. पण कुणाला काय झेपेल हे गिळणं तपासूनच ठरवायचं असतं, आणि ते तपासणारा असतो स्पीच थेरपिस्ट. बोबडं बोलणाऱ्या मुलांचा शिक्षक एवढीच त्याची ओळख असेल, तर लकव्याच्या पेशंटसाठी त्याला बोलवायचं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

नर्सचं आणि वॉर्डबॉयचं शिक्षणही यातच आलं. लुळा हात धरून किंवा काखेत हात घालून पेशंटला वर ओढलं की खांद्याचा सांधा खाली सरकतो, दुखू लागतो, आणि पुढे महिनोन्‌महिने पेशंट हात हलवू देत नाही. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात. छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याहून वरच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला अचानक भयंकर डोकेदुखी, वरच्या अंगाला घाम आणि बीपी वाढणं, असं झालं तर तो धोक्याचा इशारा असतो. पुष्कळदा कारण असतं लघवीसाठी घातलेली नळी तुंबणं किंवा पिळली जाणं. त्याला ताबडतोब बसतं करायचं, कपडे सैल करायचे, नळी बघायची, आणि तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना तातडीने बोलवायचं. ज्याने हे शिकलेलं नाही, तो डोकेदुखीची गोळी देऊन पेशंटला आडवं करील, आणि आडवं केल्याने बीपी आणखी चढेल.

डोक्याला मार लागलेला मुलगा शुद्धीवर आल्यावर शिव्या देतो, नळ्या उपटतो, मारायला धावतो. घरच्यांना वाटतं, वेड लागलं. कुणी भगताकडे नेतं. सावरणाऱ्या मेंदूची ती एक पायरी असते. त्या दिवसांत खोलीत गर्दी नको, टीव्ही नको, एका वेळी एकानेच बोलायचं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट इथे लागतो, आणि पुढे त्या मुलाला कॉलेजात किंवा दुकानात परत बसवतानाही लागतो.

कुणी कुठला कोर्स करायचा

फिजिओथेरपिस्टसाठी दोन वर्षांची एमपीटी, त्यात न्यूरो हा विषय. ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी दोन वर्षांची एमओटी. स्पीच थेरपीची मास्टर्स पदवीही दोन वर्षांची. नर्सिंगमध्ये एमएस्सी करताना न्यूरोसायन्स घेता येतं, शिवाय एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा आहे. एमबीबीएस झालेल्यांसाठी फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन या विषयातली तीन वर्षांची एमडी, नीट-पीजीमधून. हा विषय आपल्याकडे इतका अपरिचित आहे, की प्रवेशाच्या समुपदेशनात पोरं त्याच्याकडे बघतही नाहीत. माझ्या मते खान्देशातल्या एखाद्या हुशार डॉक्टरने डोळसपणे निवडावा असा तो विषय आहे.

एक घोळ पालकांच्या मनात नेहमी असतो. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ या पदव्या देत नाही. खान्देशातली आरोग्य महाविद्यालयं १९९८ साली स्थापन झालेल्या, नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत. एमपीटी-एमओटीच्या प्रवेशाच्या परीक्षा राज्याच्या सीईटी कक्षाकडून होतात. स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपी २०२१ च्या राष्ट्रीय कायद्याखाली आल्या आहेत. नियम बदलत आहेत, त्यामुळे प्रवेश घेण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचावं. आणि पेशंटच्या घरच्यांनी थेरपिस्टला नोंदणी क्रमांक विचारावा. त्यात अपमान काही नाही.

या शिक्षणाची मुळं महाराष्ट्रात खोल आहेत. देशातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी सुरू केली. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ ची. राज्याबाहेर बंगळुरूचं निम्हान्स, म्हैसूरची वाक्-श्रवण संस्था आणि वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज ही मोठी नावं. वेल्लोरची गोष्ट सांगायलाच हवी. १९५४ मध्ये मोटार अपघातात मेरी वर्गीस या तरुण डॉक्टरचे दोन्ही पाय निकामी झाले. व्हीलचेअरवर बसून त्यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या, मग न्यूयॉर्कला जाऊन पुनर्वसनशास्त्र शिकल्या, आणि परत येऊन वेल्लोरचा विभाग उभा केला.

दोन वर्षांत रोज काय चालतं

सकाळी वॉर्ड, अतिदक्षता विभाग, मग ओपीडी, दुपारी केस मांडायची. मांडताना 'थोडा फरक आहे' असं म्हणून चालत नाही. तोल मोजायला बर्ग स्केल आहे: चौदा कामं, एकूण ५६ गुण. आधाराशिवाय उभं राहा, जमिनीवरची चप्पल उचला, जागेवर गोल फिरा, एका पायावर उभे राहा. हाताच्या सुधारणेसाठी फ्यूगल-मायर ही चाचणी, ६६ गुणांची. आज ३१ आणि महिन्याने ३१ असेल, तर पद्धत बदलायची वेळ आली आहे हे थेरपिस्टला कबूल करावं लागतं. आकडा नसेल तर दोघंही, थेरपिस्ट आणि पेशंट, आशेवर वर्ष काढतात. स्ट्रोकनंतरची जास्तीत जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, म्हणून हे वाया गेलेले महिने फार महाग पडतात. त्यानंतरही माणूस सुधारतो, पण जास्त कष्टाने.

ध्येय ठरवणंही शिकावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली एक चौकट दिली. तिच्यात शरीराची इजा, माणसाला करता येणारी कामं, चारचौघांतला सहभाग आणि आजूबाजूची परिस्थिती, असं सगळं एकत्र पाहायचं असतं. 'चालणं सुधारणे' हे ध्येय ढोबळ झालं. 'सहा आठवड्यांत काठी घेऊन घरापासून पारापर्यंत जाणं, मध्ये एक पायरी आणि गटार आहे' हे ध्येय. मग सराव पायरीचा आणि गटार ओलांडण्याचा होतो.

बोबाथ, पीएनएफ (तिरप्या-फिरत्या हालचालींना विरोध देऊन स्नायू जागे करणं), मोटर रीलर्निंग (रोजच्या कामांतून हालचाल पुन्हा शिकणं) अशा वेगवेगळ्या पद्धती शिकवल्या जातात. बोबाथ पद्धत लंडनमधल्या बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याची, मोटर रीलर्निंग ऑस्ट्रेलियाच्या कार आणि शेफर्ड यांची. एकाच पद्धतीचा झेंडा खांद्यावर घेतलेले शिक्षक भेटतात. विद्यार्थ्याने सगळ्यांकडून शिकावं आणि पेशंटला लागू पडेल ते घ्यावं; संशोधन वाचायला शिकायचं ते त्यासाठीच. शेवटी प्रबंध असतो, नैतिक समितीच्या परवानगीने.

शनिवार-रविवारच्या सर्टिफिकेट कोर्सबद्दल स्पष्टच लिहितो. आधीच शिकलेल्याने एखादं तंत्र घासून घ्यायला ते चांगले. पण दोन दिवसांत पन्नास जणांनी एकमेकांवर केलेला सराव आणि खऱ्या पेशंटवर मार्गदर्शकासमोर केलेलं काम यांत फार अंतर आहे. अशा एका प्रमाणपत्राच्या जोरावर बोर्डावर 'न्यूरो स्पेशालिस्ट' लिहिणं पेशंटवर अन्याय करणारं आहे.

घरच्यांना शिकवलं की भागेल का

हा प्रश्न भारतातच तपासला गेला. 'अटेंड' नावाच्या अभ्यासात देशातल्या १४ रुग्णालयांतले १,२५० स्ट्रोकचे पेशंट होते. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. एका गटाच्या नातेवाईकांना पुनर्वसनाचं शिक्षण देऊन घरी करायला सांगितलं, दुसऱ्या गटाला नेहमीची सेवा. सहा महिन्यांनी दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले दोन्हीकडे सारखेच, ४७ टक्के. याचा अर्थ घरच्यांचा उपयोग नाही असा मी काढत नाही; कूस त्यांनीच बदलायची आहे, घास त्यांनीच भरवायचा आहे. मात्र तज्ज्ञाची जागा ते भरून काढतील, या भरवशावर आरोग्यसेवा आखता येणार नाही.

तो तज्ज्ञ आपला असला तर काम आणखी नीट होतं. झटक्यात वाचा गेलेल्या माणसाची परीक्षा बहुधा प्रमाण मराठीतून होते. शिंदखेड्याच्या किंवा साक्रीच्या ज्या आजीने जन्मभर अहिराणीच बोलली, किंवा धडगावच्या ज्या पावरी बोलणाऱ्या माणसाला मराठी बाजारापुरतीच येते, त्यांचे गुण कमी पडले तर ते मेंदूच्या इजेमुळे की परक्या भाषेमुळे, हे कसं कळणार? अनेक भाषा बोलणाऱ्यांची प्रत्येक भाषा सारखीच परत येते असंही नाही. पलंगाशी बसून अहिराणीतून "काय व्हयनं, आबा?" असं विचारणारी थेरपिस्ट जे उत्तर बाहेर काढील, ते चित्रांच्या पुस्तकातून निघेलच असं नाही. यावल-रावेरच्या लेवा बोलीतून, तळोद्याच्या भिलीतून चाचण्या आणि सरावाचं साहित्य तयार करणं हे आपल्या पोरांच्या प्रबंधांचे विषय व्हायला हवेत.

अडचण अशी, की शिकलेला माणूस इथे टिकत नाही. खान्देशातून पुण्या-मुंबईला एमपीटीला गेलेली मुलगी तिकडेच नोकरी धरते किंवा परदेशी जाते, कारण इथे पगार तुटपुंजा आणि सोबतीला ना ऑक्युपेशनल थेरपिस्ट ना स्पीच थेरपिस्ट. एकटीने टीम कशी होणार? तिला दोष देता येत नाही.

म्हणून कोर्स निवडणाऱ्यांनी काही प्रश्न विचारावेत. न्यूरोचे पेशंट वॉर्डात भरती असतात का, की फक्त ओपीडी आहे? मार्गदर्शक पेशंटजवळ उभा राहून शिकवतो का? सगळ्या शाखांची माणसं एका टेबलाशी बसून पेशंटबद्दल बोलतात का? दिव्यांग हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात ऐवजी २१ प्रकार आले, त्यात सेरेब्रल पाल्सी, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस आणि सिकलसेलही आहेत. प्रमाणपत्र आणि योजना मिळवून द्यायला विद्यार्थ्याला शिकवतात का? आणि तालुक्याच्या दवाखान्यात पोस्टिंग असते का?

या शेवटच्या प्रश्नावर आपल्या भागात लगेच काही करता येईल. तिन्ही जिल्ह्यांच्या ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांची पोस्टिंग शहादा, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा अशा तालुक्यांच्या रुग्णालयांत लावली, तर नवी इमारत लागणार नाही. एक मोकळी खोली, एक रुंद खाट, धरून चालायच्या दोन दांड्या, मोठा आरसा, तीन पायऱ्यांचा लाकडी जिना, आणि फोनवर मार्गदर्शकाशी व्हिडिओने बोलायची सोय. आठवड्यातला एक वार ठरवायचा, आणि तो आठवडे बाजाराचाच ठेवायचा, कारण त्या दिवशी पाड्यांवरून जीपगाड्या तालुक्याला येतातच. लकव्याच्या पेशंटसाठी वेगळी गाडी करावी लागत नाही.